नांगराची निशाणी, शाईचा अंगठा आणि काचेवरचे बोट

इ. स. १८७५ च्या वसंतात पुणे शहरी महादेव गोविंद रानडे यांनी व्याख्यानांची एक माला सुरू केली. गावोगावच्या वसंत व्याख्यानमाला त्याच मालेचा वारसा सांगतात. त्याच वर्षी, मे महिन्याच्या १२ तारखेस, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांत शिरले. त्यांना मुख्यतः हवे होते ते कागद. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी झाली. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, काही माणसे ऐकून शहाणी होऊ पाहत होती आणि काही माणसे, जे वाचता येत नाही ते जाळून मोकळी होऊ पाहत होती. ह्या दोन घटना आम्ही मुद्दाम शेजारी ठेवतो. कारण आजचा आमचा विषय, म्हणजे बोटाच्या स्पर्शाने चालणारी, खिशात मावणारी गणकयंत्रे व त्यांचे भवितव्य, हा वरवर पाहता परदेशी प्रयोगशाळांचा असला तरी त्याचे मूळ त्या राखेत आहे.

आष्ट्याच्या शिवारात उसाच्या बांधावर उभा राहिलेला शेतकरी आज काचेवर बोट टेकवून जेव्हा ‘मान्य’ म्हणतो, तेव्हा तो काही अगदी नवी गोष्ट करीत नाही. अक्षर न लिहिता हाताने संमती देण्याची आपली परंपरा जुनी आहे. तिचे तीन टप्पे आम्हांस दिसतात: निशाणी, अंगठा आणि स्पर्श. पहिल्या दोन टप्प्यांत काय घडले हे नीट पाहिल्याशिवाय तिसऱ्याची स्वप्ने रंगविणे म्हणजे पाया न खणता माडी चढविण्यासारखे आहे.

पहिला टप्पा निशाणीचा. मराठी अमदानीतील महजर, करारमदार आणि वतनाचे कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना ‘निशाणी नांगर’ हे शब्द परिचयाचे आहेत. कागद लिहिणारा कुलकर्णी मोडी अक्षरात मजकूर पुरा करी आणि पाटील त्याखाली नांगराचे चित्र उमटवी. इतरांनीही ज्याच्या त्याच्या धंद्याचे अवजार निशाणी म्हणून काढावे असा प्रघात होता. ह्या चित्रात कमीपणा नव्हता. पाटलास अक्षर येत नसे असे नव्हे, आणि येत नसले तरी त्याच्या शब्दाचे मोल त्यामुळे घटत नसे. नांगर म्हणजे त्याचा हक्क, त्याची मिरास आणि गावातले त्याचे स्थान. शिवाय महजर होई तो गोताच्या समक्ष. दहा माणसे भोवती बसलेली, मजकूर बोलून झालेला, साक्षी झालेल्या. आणि मग चित्र. म्हणजे निशाणी ही वाचनाची जागा घेत नसे, ऐकून पटलेल्या गोष्टीवर ती शेवटची मोहोर असे.

इंग्रजी अंमलात हीच निशाणी एकटी पडली. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि वाळवे तालुक्यातले आष्टा कंपनीच्या सातारा जिल्ह्यात आले. रोख पैशात सारा, मुदतीच्या आत वसुली, आणि कर्जाचा कागद पुढे केला की हुकूमनामा देणारी दिवाणी कोर्टे, अशी नवी रचना उभी राहिली. गोतसभेत उमटणारी निशाणी आता सावकाराच्या ओटीवर उमटू लागली. कागदात काय लिहिले आहे हे लिहिणारा जाणे. कोर्टापुढे प्रश्न एवढाच उरला: निशाणी याची आहे की नाही? असेल, तर याने सर्व समजून उमजून कबूल केले आहे. दख्खनच्या दंग्यांची कारणे पुष्कळ सांगितली जातात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले, साऱ्याची फेरआकारणी झाली, सावकारांनी हात आखडता घेतला. ती सारी खरी आहेत. परंतु लोकांनी हल्ला केला तो कागदावर, ही गोष्ट इतिहासकाराने विसरू नये.

दंग्यांनंतर चौकशी-मंडळ बसले आणि १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ह्या चार जिल्ह्यांस प्रथम लागू झाला. म्हणजे आष्ट्याच्या शेतकऱ्यासही तो लागू होता. ह्या कायद्यातील दोन गोष्टी आम्हांस आजच्या विषयाच्या दृष्टीने मोलाच्या वाटतात. पहिली अशी, की शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच त्यावर सही अथवा निशाणी घ्यावी. दुसरी अशी, की कर्जाचा दावा आला असता न्यायाधीशाने केवळ कागदावर भिस्त न ठेवता मागच्या सर्व व्यवहाराचा इतिहास तपासावा: मुद्दल खरोखर किती दिले, व्याज किती चढविले, फेड किती झाली. ‘निशाणी आहे, म्हणजे संमती आहे’ हे समीकरण कायद्याने पहिल्यांदा हलविले ते येथे.

ह्या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याच्या कामी १८८१ साली रानड्यांची नेमणूक झाली आणि १८८७ साली ते स्वतः खास न्यायाधीश झाले. व्याख्यानमाला सुरू करणारा हा पुरुष पुढे कित्येक वर्षे खेड्यापाड्यांच्या वाटा तुडवीत कोर्टांची दप्तरे तपासत हिंडला. ज्ञान सांगणे आणि ज्ञान नसलेल्याचे नुकसान होऊ न देणे, ही दोन्ही कामे त्यांना एकच वाटत असली पाहिजेत. कायद्याने सर्व दुःख निवारले असे मात्र नाही. गहाणखताची चौकशी होते असे दिसताच सावकार उघड खरेदीखतच लिहून घेऊ लागले. तोंडी सांगावयाचे गहाण आणि कागदावर विक्री. पळवाट शोधणारी बुद्धी कायदा करणाऱ्या बुद्धीच्या दोन पावले पुढेच असते, हा धडाही आम्ही विसरू नये.

दुसरा टप्पा अंगठ्याचा. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई ह्या कंत्राटदाराकडून खडी पुरविण्याच्या करारावर पंजाचा ठसा उठवून घेतला. पुढे करार नाकारता येऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. तेथून ही विद्या वाढली आणि १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांचे वर्गीकरण बसविण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोन हिंदी कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. नांगराची निशाणी कोणीही काढू शकतो. अंगठा मात्र ज्याचा त्याचाच. खोटेपणास आळा बसला हे उघड आहे. पण चित्रात माणूस सांगत असे, ‘मी नांगरधारी’. ठशात तो काहीच सांगत नाही. त्याचे शरीर तेवढे साक्ष देते. निशाणी ही ओळख होती, अंगठा हा पुरावा झाला. आणि हळूहळू ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी झाली.

ती शिवी पुसण्यासाठी ह्या भागाने जे केले ते अभिमानाने सांगण्यासारखे आहे. ज्यांचे घराणे ह्याच वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि बहुजनांच्या पोरांच्या हाती लेखणी दिली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि गावेच्या गावे प्रौढ साक्षरतेचा संकल्प सोडू लागली. रात्री कंदिलाच्या उजेडात, दिवसभर विळा धरलेल्या हातांनी, बायाबापड्या आपले नाव गिरवीत बसत. अंगठ्याकडून सहीकडे जाणे ही त्या पिढीची स्वातंत्र्यानंतरची दुसरी मुक्तता होती.

आणि आता तिसरा टप्पा. ज्या काळात आपल्याकडे अंगठा पुसण्याची मोहीम भरात होती, त्याच काळात इंग्लंडात माल्व्हर्न येथील रडार संशोधनालयात ई. ए. जॉन्सन यांनी बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. ते साल १९६५. विमानांच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्यांना कळफलकापेक्षा पडद्यावरच बोट ठेवणे सोपे जाईल, असा त्यांचा विचार होता. १९७३ साली जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संस्थेत बेंट स्टुंपे यांनी तसा पडदा बनविला आणि १९७६ मध्ये तेथील प्रचंड यंत्राचे नियंत्रण अशा पडद्यांवरून होऊ लागले. १९८२ साली टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी एकाच वेळी अनेक बोटांचे स्पर्श ओळखणारे साधन केले. यंत्र काखेत घेऊन हिंडता यावे हे स्वप्न ॲलन के यांनी १९७२ सालीच ‘डायनाबुक’ ह्या नावाने लिहून ठेवले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे व्यापारी नव्हता, मूल होते. झाडाखाली बसून शिकणारे मूल.

आपल्या देशानेही स्वप्न पाहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी काही अभियंत्यांच्या साथीने २००१ साली ‘सिंप्यूटर’चा नमुना पुढे आणला. कांडीने पडद्यावर टोचून चालणारे, मजकूर देशी भाषांत बोलून दाखवू शकणारे, आणि गावात एकच असले तरी प्रत्येकाने आपले कार्ड घालून वापरावे असे ते यंत्र होते. २००४ साली ते बाजारात आले, पण त्याचा खप व्हावा तसा झाला नाही. २०११ साली विद्यार्थ्यांसाठी स्वस्त ‘आकाश’ पाटी निघाली. पुढच्या वर्षी तिच्या दुसऱ्या आवृत्तीच्या कामात मुंबईच्या आय. आय. टी.ने पुढाकार घेतला. तीही टिकली नाही. दरम्यान २००७ नंतर काचेचा दूरध्वनी जगभर पसरला आणि तो कोणत्याही सरकारी योजनेवाचून आष्ट्याच्या बाजारपेठेत, सांगलीच्या हळदीच्या सौद्यात आणि बांधावर येऊन पोहोचला.

ह्या काचेचे काम कसे चालते? काचेखाली डोळ्यांस न दिसणारा विद्युत्‌वाहक थर असतो. बोट टेकले की शरीराच्या वाहकपणामुळे तेथला विद्युत्‌भार किंचित बदलतो आणि बदल कोठे झाला हे यंत्र मोजते. म्हणजे ही काच दाब ओळखत नाही, कातडी ओळखते. येथेच मेख आहे. पावसाचा थेंबही वाहकच असल्याने काच गोंधळते. आणि खुरप्याने, उसाच्या पाचटाने घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटाचा स्पर्श तिला पुष्कळदा क्षीण वाटतो. आरंभीच्या स्वस्त यंत्रांत दोन पातळ थर दाबाने एकमेकांस टेकत. तेथे नखाने अथवा काडीनेही काम होई. ती रीत मागे पडली, कारण ती मंद आणि धूसर होती. परंतु ज्या बोटांसाठी ती सोयीची होती त्या बोटांना कोणी विचारले, असे आम्हांस दिसत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिपीच्या बाबतीत काचेने आपल्यावर उपकार केले आहेत. गेल्या शतकात यंत्रासाठी अक्षराने किती वेळा मान वाकविली! खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचविली, १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकार उजवीकडे न्यावा असे ठरविले आणि पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला, टंकयंत्रावर तर जोडाक्षरांची मोडतोड नित्याचीच. कारण लोखंडी कळ एकदा बसली की बसली. काचेवर कळ नसतेच. असते ते कळीचे चित्र, आणि चित्र हवे तसे बदलता येते. मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राने २०१३ साली केलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक पाहावा. ‘क’वर बोट ठेवले की भोवती चक्राकार ‘का, कि, की, कु’ उमलतात. बोट सरकवावे आणि उचलावे. शाळेत बाराखडी घोकलेल्या माणसास तो नव्याने शिकावा लागत नाही. येथे प्रथमच अक्षरासाठी यंत्र वाकले.

परंतु चित्रांचे काय? काचेवर लहान लहान चित्रे असतात आणि त्यांवर बोट ठेवून कामे होतात. म्हणजे निशाणीच परत आली, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणत नाही. ही चित्रपद्धती झेरॉक्स कंपनीच्या यंत्राने १९८१ साली बाजारात आणली. त्यात मेज, कागदाची घडी, लखोटा होता. सारे अमेरिकेतल्या कचेरीचे सामान. नांगर ही उमटविणाऱ्याच्या अवजाराची खूण होती; ही चित्रे घडविणाऱ्याच्या अवजारांची आहेत. आमच्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या मेजावर आपले काम शोधावे लागते. तो शोधतो, शिकतो, हे त्याच्या बुद्धीचे श्रेय, रचनेचे नव्हे.

आता प्रश्न असा, की ह्या काचेवर आज पणाला काय लागले आहे? २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिला ‘आधार’ क्रमांक दिला गेला आणि अंगठा परत आला. शिधावाटप दुकानात तो यंत्रावर टेकवावा लागतो, आणि राबून रेषा झिजलेल्या बोटांना यंत्र ओळख दाखवीत नाही, हे अनेक गावांनी पाहिले आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने गाव नमुना १२ मध्ये लिहावयाची पिकाची नोंद शेतकऱ्याने शेतात उभे राहून, छायाचित्र घेऊन, स्वतः करावयाची. आमच्या मते ही लहान गोष्ट नव्हे. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे स्वतःचे बोट चालावे हे रानड्यांच्या काळी कोणी स्वप्नातही आणले नसते. मात्र घरोघर दिसते ते असे: आजोबा बांधावर उभे असतात, आणि बोट नातवाचे चालते. नातू गावात नसेल त्या हंगामात पीक असूनही नोंद राहते. कुलकर्ण्याची लेखणी गेली, नातवाचे बोट आले. मधला माणूस मायेचा आहे, पण मधला माणूस आहेच.

आणि त्याच काचेवर कर्जही मिळते. दोन-चार स्पर्श केले की पैसे खात्यात जमा. मध्ये एक लांबलचक मजकूर येतो, बहुधा इंग्रजीत, आणि त्याखाली एक चौकट: ‘मान्य’. सुशिक्षितही तो वाचत नाही, मग इतरांची कथा काय? १८७५ चा रोखा आणि ही चौकट यांत आम्हांस तत्त्वतः फरक दिसत नाही. उलट तेव्हा जाळावयास निदान कागद तरी हाती लागत होता.

सुदैवाने इतिहासाची दुसरी बाजूही पुन्हा उगवत आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली अशा कर्जांबाबत दंडक घातला, की करारापूर्वी मुख्य अटींचा गोषवारा ऋणकोस दिला पाहिजे आणि काही मुदतीत दंडावाचून कर्ज परत करून मोकळे होण्याची सोय ठेवली पाहिजे. २०२४ साली तिने आणखी सांगितले, की गोषवारा ऋणकोस समजणाऱ्या भाषेत असावा, त्यास तो समजावून सांगावा आणि समजल्याची पोच घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात संमतीची सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची तरतूद आहे. १८७९ चा ग्रामनिबंधक नवा वेष घेऊन आला आहे. पण तो अजून नियमांच्या पुस्तकात आहे. काचेत उतरलेला नाही. आमच्या मते उद्याच्या स्पर्शयंत्राचा खरा प्रश्न हा आहे.

म्हणून भविष्याविषयी आमच्या कल्पना मांडतो. उद्याची काच घडी घालता येईल, मनगटावर गुंडाळता येईल, ह्यात आम्हांस फारसे कुतूहल नाही. पहिली अपेक्षा ही, की ती चिखलाच्या, ओल्या, घट्टे पडलेल्या बोटाला ओळखो. प्रयोगशाळेतील मऊ बोट हे माप न धरता विळा धरणारे बोट माप धरावे. दुसरी ही, की काच बोटाला काही सांगो. आजची काच स्पर्श घेते, देत नाही. आंधळ्याला ती सपाट भिंत आहे. भारती ब्रेल लिपी १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी एक झाली, ती बोटाने वाचणाऱ्यांसाठी. त्यांना आजचा दूरध्वनी बोलून दाखवितो खरा, पण टिंबे हाताखाली देत नाही. हे अशक्य नाही. गुळगुळीत पृष्ठभागात वीज खेळविली असता तो बोटास खरखरीत भासतो, हे मॅलिनक्रॉट यांनी १९५३ मध्ये नोंदविले, आणि २०१० साली डिस्ने कंपनीच्या संशोधकांनी त्याच तत्त्वावर खडबडीतपणा भासविणारा पडदा करून दाखविला. उद्या कर्जाच्या ‘मान्य’वर बोट जाताच काच खरखरीत व्हावी, चढ लागावा, बोट थबकावे! बैलाला उतारावर वेसण लागते, तशी घाईच्या बोटाला ती लागेल.

तिसरी अपेक्षा सर्वांत जुनी आहे. संमती घेण्यापूर्वी यंत्राने मजकूर मोठ्याने वाचावा. कृष्णाकाठच्या माणसाला उमगेल अशा मराठीत, आकड्यांसह: मुद्दल किती, परत किती, केव्हा. कोणी म्हणेल, आता माणूस यंत्राशी बोलेलच, मग स्पर्शाची गरज काय? बोलणे सांगण्याला आणि ऐकण्याला ठीक. पण बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. शेवटी ‘हो’ कोठे तरी ठेवावा लागतो, आणि ती जागा हाताची आहे. गोतसभेतही बोलणे आधी झाले आणि निशाणी मागून उमटली. आम्हांस तोच क्रम हवा आहे.

ह्यासाठी परदेशी कारखानदाराच्या कृपेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ‘स्वरचक्र’ मुंबईत झाले, ‘सिंप्यूटर’ बंगळुरात झाला. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तर येथून जवळच, किर्लोस्करवाडीच्या माळावर घडला. १९१० साली तेथे कारखाना उभा राहिला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला उत्तर मिळाले ते नांगर शेतात चालवून. काचेचेही तसेच होईल. ज्या गावात अभियांत्रिकीची पोरे सुट्टीला घरी येतात, त्या गावात एक तरी पोर आजोबांच्या बोटाखाली काच ठेवून, ते कोठे अडतात हे वहीत टिपून घेणारे निघाले, तर संशोधन तेथेच सुरू झाले असे आम्ही समजू.

जुन्या कागदावरचा नांगर आम्ही पुन्हा आठवतो. तो ज्याने काढला त्याला आपण कशाला कबूल झालो हे ठाऊक होते, कारण ते त्याने दहाजणांत ऐकले होते. पुढे तो नांगर एकाकी झाला आणि जमिनीवरचा नांगरही अनेकांच्या हातून सुटला. काचेवरचे बोट आज त्याच वळणावर आहे. त्याच्या मागे ऐकणारे कान आणि समजावणारा आवाज उभा राहिला, तर ते बोट पाटलाच्या निशाणीचा मान मिळवील. नाही राहिला, तर एक नवे सुपे आपल्या वाट्यास येईल. फक्त ह्या वेळी राख दिसणार नाही.